मी सरकार नाही

अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस खरं सांगत नाही, आणि थोडक्यात तर मुळीच सांगत नाही. बावीस वर्षं मी तालुक्याच्या कचेरीबाहेर लिंबाखाली पेटी मांडून बसलोय, मला विचारा. बैल मेल्याचा अर्ज करायचा असला तरी गडी त्या बैलाच्या आईपासून सुरू करणार. मग मी खेकसतो. "नाव सांग, गाव सांग, काय पाहिजे ते सांग. बाकीचं मी घालतो." आणि घालतोच. 'सविनय', 'सदर', 'उपरोक्त', 'मेहेरबान साहेबांनी गरिबावर कृपा करून', सगळा माल माझ्याकडं तयार असतो. अक्षर असं की कारकून माझा अर्ज गठ्ठ्यात वरती ठेवतात, डोळ्याला बरं वाटतं म्हणून. आप्पासोच्या अर्जाला नाही म्हणायची साहेबाला लाज वाटते, असं लोक म्हणायचे. सुरुवात मीच करून दिली असेल, पण म्हणायचे.

शहात्तर सालच्या चैत्रात माझा धंदा पार बसला होता. आणीबाणी लागून वर्ष होत आलेलं. कारकून साडेदहाला खुर्चीत, साहेब अकराला. साहेब जागेवर सापडायला लागल्यावर अर्ज कोण लिहून घेणार? जो तो सरळ आत जाऊन हात जोडायचा. आणि ज्याची तक्रार असायची तो घरातच बसायचा, कारण तेव्हा तक्रार करणाऱ्याचीच आधी चौकशी व्हायची. मी आपला टाक पुसत बसलेलो.

तेव्हा हा म्हातारा आला. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, डोक्याला चार दिवसांचा मळका पटका. मागं त्याची सून, तानुबाई. म्हातारा पेटीसमोर उकिडवा बसला.

"नाव?" मी विचारलं.

"सरकार."

मी टाक खाली ठेवला. इकडं तिकडं बघितलं. पलीकडच्या चहाच्या गाड्यावर एक पोलीस उभा होता. "म्हातारबा, दिवस कसले आहेत? कुणाची थट्टा करतोयस? स्वतः जाशील आत, आणि मलाही नेशील."

"थट्टा कसली रं? नाव इचारलंस, नाव सांगितलं. सरकार तात्याबा मेटकरी. राहनार कोळखडी."

"आप्पा, आवं खरंच मामांचं नाव सरकार हाय," सून पदर सावरत म्हणाली. "मतदारयादीत बी तसंच हाय."

मग बैलाच्या आईपासून सुरुवात झालीच. पण खोटं कशाला सांगू, ती गोष्ट मी न खेकसता ऐकली. म्हाताऱ्याच्या आईची चार पोरं त्याच्याआधी गेलेली. दोन पटकीनं, दोन प्लेगात. पोरं जगत नसली की आपल्याकडं दगडू, धोंडू, उकिरड्या अशी नावं ठेवतात, म्हणजे वरच्याची नजर जात नाही. पण त्या माऊलीचा दगडूही गेला आणि धोंडीही गेली. पाचवा पोटात असताना प्लेगासाठी सरकारी माणसं गावात आली, त्यांनी घरांची कौलं उतरवली, अख्खा गाव उचलून माळावर नेऊन बसवला. देवाचा गुरव मुकाट्यानं गेला, पाटील गेला, सावकारही गेला. बाईनं ते बघितलं आणि सासूला म्हणाली, "ह्यापरीस मोठं आता काय न्हाई. पोराचं नाव सरकार ठिवा. कोण हात लावतंय बघू." आणि झालं की तसं! पोरगं जगलं. शहात्तर वर्षांचं होऊन माझ्यासमोर तंबाखू मळत बसलं होतं.

"बरं, मग आता काय झालं?" मी म्हणालो.

तानुबाईनं चोळीतून घडी घातलेला कागद काढला. ती मराठी चौथी शिकलेली होती, माहेर कऱ्हाडकडचं. कागद तिनं वाचला होता, पण माझ्या तोंडून ऐकायचा होता. कोळखडीच्या माळावरची नऊ एकर बारा गुंठे 'सरकारी पड' मेंढी पैदास केंद्रासाठी घेण्याचं ठरलं आहे, तरी कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.

"सरकारी पड म्हनं!" म्हातारा उसळला. "माझं रान हाय त्ये. माझी हिर हाय तितं."

ती विहीर तेवढी ध्यानात ठेवा, कारण सगळं भांडण तिच्यासाठी होतं. नऊ एकर माळावर कुसळं उगवायची, त्याचं कुणाला काय? पण बाहत्तरच्या दुष्काळात सगळा गाव खडी फोडायला गेला तेव्हा हा म्हातारा, त्याचा मुलगा आकाराम आणि ही तानुबाई, तिघं त्या माळावर खणत राहिली. सात महिने. पंचेचाळीस फुटांवर पाणी लागलं. कोळखडीत वैशाखातही पाणी असलेली ती एकच विहीर. आकाराम आठ महिने मेंढरं घेऊन कऱ्हाडच्या खाली उसाच्या रानांत बसवायला जायचा आणि मग त्या पाण्यावर परत यायचा. पैदास केंद्राच्या साहेबालाही पाणी बघूनच ती जागा आवडली होती. परदेशातून मेंढे यायचे होते, त्यांना पाणी लागणारच.

मी तलाठ्याकडनं उतारा काढला आणि माझं डोकंच फिरलं. म्हाताऱ्यानं ती जमीन अडतीस साली संस्थानी अमलात घेतलेली. संस्थानच्या जुन्या वहीत एका ओळीत लिहिलेलं होतं, 'सरकार तात्याबा मेटकरी'. संस्थान गेलं, वह्या नव्या झाल्या. नक्कल करणारा कुणी तरी हुशार कारकून असणार. त्यानं विचार केला असणार की सरकार हे काय माणसाचं नाव असतं होय? म्हणून त्यानं 'सरकार' मालकाच्या रकान्यात टाकलं आणि 'तात्याबा मेटकरी' वहिवाटीच्या रकान्यात. म्हणजे तेव्हापासून ह्या जमिनीचा मालक सरकार, आणि जमीन कसतोय कोण, तर म्हाताऱ्याचा बाप, जो एकोणीसशे अठरा सालीच वारलेला.

"ह्यात चूक कुठं हाय?" म्हाताऱ्याला मी उतारा वाचून दाखवला तेव्हा तो म्हणाला. "मालक सरकार. बराबर हाय की."

"ते सरकार तू नव्हे, म्हातारबा!"

"मग कोन?"

आता ह्याला काय सांगायचं? मी कचेरीकडं बोट केलं. म्हाताऱ्यानं तिकडं बघितलं, तंबाखूची पिंक टाकली आणि म्हणाला, "त्यांनी खनलीया व्हय हिर?"

हरकतीचा अर्ज मी मन लावून लिहिला. 'अर्जदाराचे नाव सरकार असून सदर सरकार हे सदर जमिनीचे खुद्द मालक आहेत.' लिहिताना मला स्वतःलाच हसू येत होतं. कचेरीत तर त्या दिवशी जत्राच झाली. कारकून एकमेकांना वाचून दाखवत होते. "आप्पासो, सरकारनं सरकारकडं हरकत घेतली की!" मीही हसलो. अर्जाला आवक नंबर पडला, कारण हसून झाल्यावर नंबर टाकावाच लागतो. आता चौकशी होईल, साक्षी होतील, म्हाताऱ्याचं काम होऊन जाईल, असं मला वाटलं.

पण कागद आत फिरत होता तोवर माणसं बाहेर कामाला लागली होती. मृग लागायच्या आधी मोजणीवाले आणि तारेचं कुंपण घालणारे कोळखडीत पोचले. म्हातारा बांधावर काठी आडवी धरून उभा.

"कुनाच्या हुकमानं आलासा?" त्यानं विचारलं.

"सरकारच्या हुकमानं," मोजणीवाला म्हणाला.

"सरकार मी हाय. म्या हुकूम दिला न्हाई. मागं फिरा."

मोजणीवाला परगावचा होता, त्याला काय माहीत? त्यानं विचारलं, "काय म्हणालास?" म्हातारा परत म्हणाला. दहा-बारा माणसं जमली होती, त्यांनाही विचारलं, हा कोण? सगळ्यांनी एका सुरात सांगितलं, "सरकार हाय त्यो." कुणी खोटं बोललं नाही. मोजणीवाला टेप गुंडाळून थेट पोलीस ठाण्यात गेला.

नवा फौजदार तरणा होता आणि आणीबाणीनं त्याच्या अंगात वारं भरलेलं. सरकार असल्याची बतावणी करणे, सरकारी कामात अडथळा आणणे, लोकांना चिथावणे, असं भलंमोठं कलमांचं गाठोडं त्यानं शहात्तर वर्षांच्या म्हाताऱ्याच्या डोक्यावर ठेवलं. पंचनाम्यात लिहिलं की आरोपीस नाव विचारता त्याने उद्धटपणे 'सरकार' असे उत्तर दिले. आता बोला! खरं नाव सांगितलं तर तो उद्धटपणा झाला.

म्हाताऱ्याला दोन दिवसांनी जामीन झाला, खटला आषाढात निघाला. वकील कुणी हात लावीना. एक म्हणाला, "आप्पासो, मी कोर्टात उभा राहून 'माझे अशील सरकार आहेत' असं म्हणू? माझी सनद जाईल." तेव्हा पुन्हा माझ्याकडंच आले. तानुबाई पेटीसमोर बसली आणि रडायलाच लागली. "आप्पा, मामा आत ग्येले तर परत येनार न्हाईत. ह्येंनी बी मेंढरं घिऊन मुलूख धरलाय. म्या एकटी काय करू?"

बाई रडली की माझं डोकं चालत नाही, आणि चाललं तर भलतीकडं चालतं. पण त्या दिवशी मला वाटलं की लई भारी चाललं. मी म्हटलं, एवढं सोपं आहे आणि ह्या वकिलांना सुचू नये? गुन्हा कसला, तर हा स्वतःला सरकार म्हणवतो. मग ह्यानं शपथेवर सांगावं की मी सरकार नाही. झालं, गुन्हाच उरला नाही! स्टँपपेपर काढला, टाक बुडवला आणि माझ्या उभ्या आयुष्यातलं उत्तम प्रतिज्ञापत्र लिहिलं. सबंध घोटीव अक्षरात, एकही खाडाखोड नाही.

'मी प्रतिज्ञेवर निवेदन करतो की, मी सरकार नाही, पूर्वीही कधी सरकार नव्हतो, आणि जे जे काही सरकारचे आहे त्यावर माझा कोणत्याही प्रकारे हक्क अथवा दावा नाही.'

ते शेवटचं कुणी मागितलं नव्हतं. पण वाक्य तीन पायांवर उभं राहिलं की कसं भक्कम वाटतं. मीच घातलं.

तानुबाईनं कागद हातात घेतला आणि बोट फिरवत, ओठ हलवत वाचला. मग म्हणाली, "आप्पा, ह्ये बरं न्हाई वाटत. रानाचा मालक सरकार लिवलंय, आन हितं..."

"बाई," मी म्हणालो, "बावीस वर्षं लिहितोय मी. तू चौथीची शाळा मला शिकवू नकोस."

ती गप्प बसली. मी तिला गप्प बसवलं, हे मी इथं लिहून ठेवतो.

म्हाताऱ्याला मात्र अंगठा उठवायचा नव्हता. "मी सरकार न्हाई म्हनून लिवायचं? माझ्या आयनं ठिवल्यालं नाव हाय. त्या नावावर जगलोय मी. त्ये न्हाई म्हटलं तर मग मी कोन?"

"आत जायचंय का घरी जायचंय?" मी ओरडलो. "अंगठा लाव म्हणतो ना!"

त्यानं लावला. शाई जास्त झाली होती, कागदाच्या कोपऱ्यावर अर्धा डाग उतरला. मला त्या डागाचंच वाईट वाटलं. बघा, माणूस किती मूर्ख असतो.

कोर्टाच्या दिवशी व्हरांडा भरलेला होता. पट्टेवाला दारात आला आणि त्यानं सवयीनं आरोळी ठोकली, "सरकार विरुद्ध..." आणि कागदावर डोळे बारीक करून थांबला. परत बघितलं. मग जोरात ओरडला, "सरकार विरुद्ध सरकार, हाजिर हो!" लोक फिसकन हसले. म्हातारा माझ्या कानाशी लागला, "आप्पा, माझ्यावर खटला म्याच भरलाय व्हय रं?" मी त्याला कोपरानं ढोसलं.

आत सगळं दहा मिनिटांत आटोपलं. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी प्रतिज्ञापत्र वाचलं, चष्म्यावरनं म्हाताऱ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "तुम्ही सरकार नाही ना?"

म्हातारा माझ्याकडं बघायला लागला. मी मान हलवली.

"न्हाई," तो म्हणाला. एवढ्या हळू की लिहून घेणाऱ्यानं परत विचारलं.

खटला निकालात निघाला, म्हातारा सुटला. मी बाहेर येऊन गाड्यावर सगळ्यांना चहा पाजला. फौजदारसुद्धा म्हणाला, "काय डोकं लढवलंत आप्पासो!" पुढचे दोन-तीन महिने मी कॉलर ताठ करून हिंडत होतो. माझा बसलेला धंदाही जरा उठला. कुणी विचारलं की मी ते वाक्य तोंडपाठ म्हणून दाखवायचो.

जमिनीची सुनावणी मार्गशीर्षात सांगलीला लागली, मोठ्या साहेबांपुढं. मी, म्हातारा आणि तानुबाई पहाटेच्या एस.टी.नं निघालो. गणपती पेठेत गुळाच्या ढेपांच्या गाड्या उभ्या होत्या, रस्ता भरून गुळाचा वास. म्हातारा खुशीत होता. "सायब शिकल्याला असंल तर लगेच कळंल त्येला," म्हणत होता. मीही पुराव्यांची पिशवी छातीशी धरली होती. संस्थानच्या वहीची नक्कल, गावच्या चार म्हाताऱ्यांचे जबाब, विहिरीचा पंचनामा. सगळं जमवायला मी स्वतः चार वेळा कोळखडीला जाऊन आलो होतो, हेही सांगतो, कारण मी काही वाईट माणूस नाही.

साहेब भला निघाला. खरंच भला. म्हाताऱ्याला त्यानं खुर्ची दिली. माझे सगळे कागद एकेक करून बघितले. संस्थानच्या नकलेवर तर त्याचा हात थांबला. "हे बरंच बोलकं आहे," म्हणाला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग त्यानं फायलीतनं दुसरा एक कागद काढला. कोपऱ्यावर अंगठ्याचा अर्धा डाग होता.

"पण कोर्टाकडनं आलेलं हे काय?" साहेब म्हणाला. "उताऱ्यावर मालक सरकार. तुम्ही म्हणता ते सरकार म्हणजे हे गृहस्थ. आणि ह्यांनी तर शपथेवर, कोर्टापुढं सांगितलंय की मी सरकार नाही, कधी नव्हतो, आणि सरकारचं जे काही आहे त्यावर माझा हक्क नाही. मग माझ्या हातात काय राहिलं?"

बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या पेटीत एकही शब्द नव्हता.

साहेबानं कागद उजेडाकडं धरला. "अक्षर मात्र सुंदर आहे. कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो.

तानुबाई भिंतीशी उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं, शिव्या दिल्या असत्या तर अजून बरं झालं असतं.

म्हाताऱ्याला ह्यातलं काही कळलं नव्हतं. साहेबाची भाषा पुण्याची, आणि म्हाताऱ्याला ऐकूही कमी यायचं. तो आपल्याच तंद्रीत म्हणाला, "सायब, परदेशातनं मेंढं आनताय म्हनं. त्येंला हितली कुसळं बाधतील. माझीच मेंढरं ठिवा की तितं."

साहेब हसला. त्याला वाईट वाटलं असावं. म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून, मोठ्यानं, एकेक शब्द सोडवून म्हणाला, "बाबा, मनाला लावून घेऊ नका. हे केंद्र तुमच्यासारख्यांसाठीच आहे. आता काय इंग्रजाचं राज्य आहे का? लोकशाही आहे. सरकार म्हणजे कोण? सरकार म्हणजे तुम्हीच!"

म्हातारा ताडकन उठला. त्याचं तोंड बघायला पाहिजे होतं तुम्ही. "बगा, बगा!" तो म्हणाला. "ह्येच म्या कवाधरनं वरडतोय. कुनी ऐकना!" आणि त्यानं साहेबाच्या पायाला हात लावला.

परतीच्या गाडीत तो सगळ्यांना सांगत होता. कंडक्टरला, शेजारच्या हळदीच्या व्यापाऱ्याला. "सायब म्हनलं, सरकार म्हंजी तुमीच. मिटलं आता." मी खिडकीबाहेर तोंड करून बसलो. सांगायला पाहिजे होतं. तालुक्याला, विट्याला उतरेपर्यंत दहा वेळा सांगायचं ठरवलं आणि दहा वेळा नाही सांगितलं. तानुबाईही काही बोलली नाही. तिनं का सांगितलं नाही हे मला माहीत नाही, मी का सांगितलं नाही हे माहीत आहे. मी भित्रा आहे.

मी मनाची समजूत घालत राहिलो. वर अपील करू, अर्ज करू, मंत्रालयात पाठवू. दोन अर्ज पाठवलेही. फाल्गुनात निवडणुका झाल्या आणि दिल्लीचं सरकार पडलं. बाजारपेठेत पोरांनी गुलाल उधळला, "सरकार पडलं, सरकार पडलं" म्हणून कल्ला केला. ही आरोळी कोळखडीपर्यंत गेली तेव्हा म्हातारा म्हणे पारावर उभा राहून म्हणाला, "कोन पडलं? हितंच उभा हाय की मी." मला ह्यात आशा वाटली. सरकार बदललं, आता कुणी तरी माझा अर्ज नव्यानं वाचेल. दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो तर तेच कारकून, तीच फाईल, आणि वर निरोप की कोळखडीचं कुंपण पुरं झालं, पाटी लागली.

मग मात्र मी गेलो. ठरवूनच गेलो, की आज पाय धरायचे आणि सगळं सांगायचं. उन्हं तापलेली. माळाला चारी बाजूंनी नवी तार, फाटकाला कुलूप, आत विहिरीवर इंजिन बसवलेलं. फाटकाशेजारी पत्र्याची पाटी, निळ्यावर पांढरी अक्षरं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. म्हातारा पाटीखाली सावली धरून बसला होता. मला बघून उठला.

"ये गड्या, ये! तुझीच वाट बघत हुतो. काल ही पाटी ठोकून ग्येली. गावात ज्येला त्येला इचारतोय काय लिवलंय, तर समदी खाली मान घालून जात्यात. सून बी सांगंना. तू वाच. तुझ्या तोंडनं ऐकायचंय मला."

मी पाटीकडं बघितलं. मोठी ठसठशीत अक्षरं, पण काना-मात्रा वाकड्या होत्या.

"वाच की रं!"

मी वाचलं. जसंच्या तसं वाचलं, अक्षर कमी नाही, जास्त नाही.

"ही जमीन सरकारची आहे."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. मग माझे दोन्ही हात त्यानं धरले. "आप्पा," तो म्हणाला, "आयनं नाव ठिवलं त्येचं आज चीज झालं बग. तुझ्या लेखनीत दम हाय. खाली आजून बारीक कायतरी हाय. त्ये काय?"

"विनापरवाना आत शिरणाऱ्यावर कायदेशीर कारवाई केली जाईल."

"लय बेस!" म्हातारा म्हणाला. "आता कोन शिरतंय बगतो. फकस्त ह्ये कुलूप कुनी लावलंय, त्येची चावी तेवढी मागून घिऊन दे मला."

मी मागं वळलो. तानुबाई कधी येऊन उभी राहिली होती कुणास ठाऊक. डोक्यावर रिकामी घागर, कडेवर रिकामी कळशी. दोन कोसांवरच्या ओढ्यात झरा खणायला निघाली होती, किंवा तिकडनं हात हलवत परत आली होती. ती पाटीकडं बघत नव्हती, तिनं ती कालच वाचलेली. माझ्याकडं बघत होती.

"वाचलंसा न्हवं समदं?" ती म्हणाली. "मग आजून येक बगा, आप्पा. पान्याचं काय लिवलंय का कुटं?"

मी परत पाटीकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत बघितलं, मागच्या बाजूला जाऊनही बघितलं.

"नाही," मी म्हणालो. "पाण्याचं काही लिहिलेलं नाही."